किंबरलाइट

हिरे ज्यात सापडतात असा एक विरळा, अत्यल्पसिकत (सिलिकेचे प्रमाण फार कमी असलेला) अग्निज खडक. ऑलिव्हिनाचे मोठे गोलसर कण, फ्लोगोपाइट अभ्रक, कॅल्साइट व सर्पेंटाइन ही याची मुख्य खनिजे असून त्यांच्या जोडीला जांभळट तांबडे पायरोप गार्नेट, मॅग्नेशियमयुक्त इल्मेनाइट व क्रोमाइट आढळतात. ताजा खडक निळसर करडा असतो. हवापाण्याने झिजला म्हणजे तो पिवळा व भुसभुशीत होतो. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावावरून हेन्री कार्व्हिल लूइस यांनी १८८७ मध्ये याला हे नाव दिले. तत्पूर्वी शेकडो वर्षे भारतात हिरे काढले जात होते, पण ते मुख्यतः नद्यांच्या गाळांतून व पिंडाश्मांतून.

किंबरलाइटास हिऱ्याचा जनक म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो फारसा बरोबर नाही. किंबरलाइट हा वाहक होय. बहुतेक हिरे १५० किमी. वा त्याहून अधिक खोलीवर, प्रावरणाच्या वरच्या भागात, सु. ९०० ते १,३०० से. तापमानात व प्रचंड दाबाखाली तयार होतात. आणखी खालून येणारा, कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांनी भारलेला शिलारस वाटेतील खडक फोडून त्यांचे तुकडे हिऱ्यांसह वर आणतो. हा प्रवास मंद झाला, तर हिऱ्याचे ग्रॅफाइट होईल. म्हणून तो काही तासांचा किंवा फार तर काही दिवसांचा असावा, असे मानतात. पृष्ठभागाजवळ स्फोट होऊन गाजराच्या आकाराचा नळ तयार होतो. वाहक व प्रवासी यांच्या वयांतील अंतर विस्मयकारक आहे. किंबर्ली येथील हिऱ्यांत अडकलेल्या गार्नेटांचे वय ३०० कोटी वर्षांहून अधिक असल्याचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. ज्या नळांतून ते वर आले, ते मात्र जेमतेम ९ कोटी वर्षांचे आहेत.

हिरे असलेले किंबरलाइट अतिप्राचीन, दीर्घकाळ स्थिर राहिलेल्या भूखंडीय गाभ्यांतच आढळतात, हा नियम टी. एन्. क्लिफर्ड यांनी १९६६ मध्ये मांडला. अशा गाभ्याखाली प्रावरणाचा जाड, थंड व घट्ट थर जहाजाच्या तळासारखा चिकटलेला असतो, आणि त्याच्या तळाशीच हिरा टिकेल अशी परिस्थिती असते. त्यामुळे किंबरलाइटातील परके खडकखंड म्हणजे कोणत्याही वेधनयंत्रास न पोहोचता येणाऱ्या खोलीचे नमुनेच होत.

भारतात आंध्र प्रदेशातील वज्रकरूर व मध्य प्रदेशातील पन्नाजवळचे मझगवाँ येथील नळ सु. ११० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत (मझगवाँचा खडक काटेकोर अर्थाने किंबरलाइट आहे की नाही, याबद्दल मतभेद आहेत). छत्तीसगढमधील मैनपूर परिसरातील बेहराडीह व कोडोमाली यांची गोष्ट निराळी आहे. हे नळ बस्तरच्या प्राचीन गाभ्यात असूनही त्यांचे वय सु. ६.५ कोटी वर्षे, म्हणजे दक्षिण ट्रॅपच्या लाव्हांइतकेच, असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हिरे आणणारा शिलारस तेव्हा उसळला, त्या अर्थी त्या काळी तेथील भूखंडाचे मूळ निदान १५० किमी. खोल असले पाहिजे. आज ते त्याहून पातळ असल्याचे काही भूकंपतरंगीय मापनांवरून सुचते. ट्रॅपच्या उष्णतेने ते खालून झिजले काय, हा वादाचा विषय आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी दुहेरी संबंध आहे. राज्याचा सु. चार पंचमांश भाग ट्रॅपने झाकलेला आहे. पुण्याजवळ खडकी येथे मुळेच्या काठी दिसणारा काळा बेसाल्ट फोडून खाली गेल्याशिवाय प्राचीन कवच दिसणार नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात ट्रॅपची जाडी सु. ३३८ मी. भरली, कोयना परिसरात ती १ किमी.च्या जवळपास आहे. दोन्ही ठिकाणी खाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांसारखे कँब्रियनपूर्व खडक लागले. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राखालीही जुना भूखंड आहे. त्यात किंबरलाइटाचे नळ असले, तर ते लाव्हांखाली गाडले गेले आहेत.

पूर्वेकडे हा पडदा नाही. गडचिरोली जिल्हा बस्तरच्या गाभ्याचाच भाग असून तेथील वैरागड हिऱ्यांसाठी पूर्वी प्रसिद्ध होते. आईन-इ-अकबरीत तेथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. जुने खड्डे लालसर, जांभ्यायुक्त मातीत असून मूळ खडकाचा निश्चित पत्ता अद्याप लागलेला नाही. मैनपूर तेथून पूर्वेस सु. २०० किमी. आहे; तथापि वैरागडचे हिरे तिकडून वाहत आले असे समजण्यास आधार नाही, कारण मैनपूरचे पाणी महानदीकडे, तर वैरागडचे वैनगंगेकडे जाते. आजची नदीप्रणाली प्राचीन काळी तशीच होती असे नाही, हे खरे. पण शोध जवळपासच घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

हा शोध हिऱ्यांचा नसतो. लाखो भाग खडकात एखादा भागही हिरा नसतो, म्हणून ओढ्यांची वाळू धुऊन पायरोप गार्नेट, इल्मेनाइट व क्रोमाइट यांचे कण वेचतात आणि ते ज्या ओढ्यात एकाएकी दिसेनासे होतात, त्याच्या वरच्या अंगास खडक नसून खालच्या अंगास असावा, असे अनुमान करतात. उष्ण व दमट हवेत, जेथे जांभा बनतो तेथे, गार्नेट लवकर नष्ट होते आणि क्रोमाइट टिकून राहते. त्यामुळे वैरागडसारख्या ठिकाणी गार्नेट न मिळणे हा किंबरलाइट नसल्याचा पुरावा मानता येत नाही.