नव्या बंबाची कुरकूर

थंडीचे दिवस आले, की बालाघाटाच्या माथ्यावर, अंबाजोगाई-पाटोद्याकडे, पहाटे अंगावर काटा येतो. अशा वेळी ऊन पाण्याची बादली म्हणजे केवढे सुख! पूर्वी हे सुख तांब्याचा बंब देत असे. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी. तो अंगणात नाहीतर मागच्या पडवीत असे. आता बीड शहरातच काय, गेवराई-माजलगावकडच्या साध्या घरांतूनही विजेचा किंवा गॅसचा बंब भिंतीवर टांगलेला दिसतो. त्याला गिझर म्हणा किंवा बंब म्हणा, काम एकच.

आमच्या घरी दोन हिवाळ्यांपूर्वी असा गॅसचा बंब आला. बसवणाऱ्याने तो थेट न्हाणीघरातच बसवला. पहिल्याच दिवशी पेटताना ‘फट्ट’ असा आवाज झाला आणि पाठोपाठ जळका वास सुटला. विचारले, तर म्हणाला, “नवा आहे साहेब, चार दिवसांत बसेल.” आईला मात्र ते पटले नाही. ती म्हणाली, “अरे, आपला जुना बंब काय वाईट होता? धूर दिसत तरी होता.” आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी पत्नी न्हाऊन बाहेर आली ती कपाळ धरूनच. “डोकं फार जड झालंय,” म्हणाली. आम्ही ते थंडीवर ढकलले. तिथे आमची चूक झाली. ती कशी, ते पुढे सांगतो. आधी आवाजाचे आणि वासाचे पाहू.

विजेच्या बंबातून सूं-सूं किंवा कडकड आवाज येत असेल, तर त्याचे मूळ बहुधा आपल्या पाण्यात असते. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तिथला कर्बवायू शोषून घेते आणि किंचित आम्ल होते. मग खडकातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळतात. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हा तुमचाही अनुभव असेल. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल, तर 600 पर्यंत चालवून घेतात.

असे पाणी तापले, की त्यातले क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने तापणाऱ्या कांबीवर बसतात. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी बसतो ना, तोच हा थर. त्याच्या आत थोडेथोडे पाणी अडकते, उकळते, बुडबुडे फुटतात आणि तडतड ऐकू येते. थर जाड झाला, की कांबीची उष्णता पाण्यात उतरत नाही. वीज जास्त जाते, पाणी उशिरा तापते आणि शेवटी कांब जळते. 25 लिटरच्या टाकीला आणि 2 किलोवॅटच्या कांबीला थंडीतले पाणी चांगले ऊन करायला अर्धा-पाऊण तास पुरे. तुमच्याकडे याहून फार वेळ लागू लागला, तर थर धरला आहे असे समजा. यावर उपाय आहे. पाणी 60 अंशांच्या वर तापवू नये, कारण जितके कढत पाणी तितका थर जास्त. आणि बोअरचे पाणी असेल, तर वर्षातून एकदा कारागिराकडून टाकी उघडून थर काढून घ्यावा. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो सुटतो. टाकीच्या सुरक्षा झडपेतून पाणी तापताना दोन-चार थेंब गळले, तर घाबरू नका. पाणी फुगते, ते वाट काढते. ती झडप चिंधी कोंबून मात्र कधीही बंद करू नका, बरं का!

गॅसच्या बंबाचा ‘फट्ट’ आवाज वेगळा. नळ सोडल्यावर गॅस येतो आणि ठिणगी पडून तो पेटतो. सेल उतरले असतील किंवा जळणीच्या भोकांत धूळ, कोळिष्टके असतील, तर ठिणगीला उशीर होतो. तेवढ्यात साठलेला गॅस एकदम भडकतो, तोच हा आवाज. आधी दोन्ही सेल बदलून पाहा. तरीही आवाज राहिला, तर बंब बंद ठेवून कारागीर बोलवा. हा आवाज ‘चार दिवसांत बसणारा’ नव्हे.

आता वासाकडे वळू. वास चार प्रकारचे, आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला, नव्या रंगाचा किंवा तेलाचा जळका वास. कारखान्यात पत्र्याला लावलेले तेल पहिल्या काही वापरांत जळून जाते. खिडकी उघडी ठेवावी, दोन-चार दिवसांत हा वास जातो.

दुसरा, सडक्या अंड्यासारखा. यासाठी एक साधी परीक्षा करा. एका बादलीत गार पाणी घ्या, दुसरीत बंबाचे, आणि दोन्हींचा वास घ्या. दोन्हींना येत असेल, तर दोष विहिरीचा किंवा बोअरचा. फक्त ऊन पाण्याला येत असेल, तर दोष टाकीचा. टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. पाणी बरेच दिवस पडून राहिले, की सूक्ष्म जंतू त्या कांडीच्या संगतीने हा वायू तयार करतात. अशा वेळी टाकी तास-दोन तास पूर्ण तापवून, मग जपून रिकामी करावी, म्हणजे वास जातो.

तिसरा, रबर जळल्याचा. हा वायरचा दोष. लगेच मुख्य बटण बंद करा. वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय बंब पुन्हा लावू नका.

चौथा, कुजक्या कोबीसारखा उग्र वास. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचे द्रव्य मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत आणि मोरीत साठतो. असा वास आला, की विजेचे कुठलेही बटण लावू नका आणि चालू असलेले बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 या क्रमांकावर फोन करा. एरवी नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून पाहावे. बुडबुडे आले, तर तिथे गळती आहे.

इतके झाले आवाज आणि वास यांचे. आता ज्याला आवाजही नाही आणि वासही नाही, त्याचे ऐका.

एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. घरगुती बंब तासाला एक किलोच्या आसपास गॅस खातो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर हवा. आपले चार फूट बाय सहा फुटांचे, आठ फूट उंचीचे न्हाणीघर घ्या. त्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटरांहून कमीच हवा मावते. थंडी म्हणून आपण झरोका बंद करतो, दाराला आतून कडी लावतो. एकामागून एक तिघे न्हाले, की त्या कोंडलेल्या खोलीत जाळाला पुरेशी हवा उरत नाही. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्टपणे हा वायू रक्ताला चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय गळतात, आणि कडी काढण्याचेही बळ राहत नाही. न्हाणीघरात बेशुद्ध पडून माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो, त्यांतल्या पुष्कळांच्या मागे हेच कारण असते.

पत्नीचे डोके जड झाले, ते थंडीने नव्हे. जाळाकडे पाहिले, तेव्हा तो निळा असण्याऐवजी पिवळा होता आणि पत्र्यावर काजळी धरली होती. आईचे बोलणे खोटे नव्हते. जुन्या बंबाच्या कोळशातूनही हा वायू निघतच असे, पण तो बंब उघड्यावर असे आणि धूर डोळ्यांना झोंबून सावध करी.

आम्ही तो बंब काढून मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला लावला. आता नळीने फक्त ऊन पाणी आत येते. खर्च झाला तो थोड्याशा नळीचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा.

तेव्हा इतके ध्यानात ठेवा. गॅसचा बंब न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. झरोका थंडीतही बुजवू नये. न्हाताना डोके जड वाटले, तर अंग पुसत बसू नका, आधी दार उघडा. कोणी आत बेशुद्ध सापडले, तर त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गॅसचा बंब चालू होता’ हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र या वायूच्या बाबतीत फसवते, आकडा चांगलाच दाखवते. त्याच्यावर विसंबू नका.

आणि घरातले वडीलधारे माणूस नव्या वस्तूबद्दल कुरकुरले, तर हसण्याआधी एकदा जाळाचा रंग पाहून या.