आरओच्या पडद्यात क्षार अडतात कसे?

पाणी शुद्धीकरणाची यंत्रे विकणारे काही विक्रेते दुकानात येऊन एक प्रयोग करून दाखवितात. नळाच्या पाण्यात दोन सळया सोडून वीज लावली की थोड्याच वेळात पाणी तपकिरी होते आणि गाळ वर येतो. आरओच्या पाण्यात मात्र काहीच होत नाही. पाहणारा घाबरतो व आगाऊ रक्कम मोजतो. वास्तविक तो गाळ पाण्यातला नसून झिजणाऱ्या लोखंडी सळईचा असतो. पाण्यात क्षार असले म्हणजे त्यातून वीज वाहते व सळई विरघळते, क्षार नसले तर वीजच वाहत नाही. खडकवासल्याचे चांगले पाणीही या परीक्षेत नापास ठरेल! आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी यंत्रावर पैसा घालण्यापूर्वी या क्षारांचा स्वभाव समजून घ्यावा म्हणून हा लेख.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन विद्युतभारित कण होतात. यांनाच आयन म्हणतात. सोडियमवर धन भार, क्लोराइडवर ऋण. पाणी जड करणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांवर दुप्पट धन भार असतो. आरओच्या पडद्याचा खरा कामाचा थर पॉलिअमाइडचा असून तो मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. हा पडदा म्हणजे बारीक चाळणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. नुसता सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूपेक्षाही लहान असतो. मग पाणी जाते आणि सोडियम अडतो, हे कसे?

याचे एक कारण असे की पाण्यात आयन कधी एकटा नसतो. पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी चिकटलेले असतात. अंगावर रजई घेतलेला माणूस अरुंद बोळातून जाऊ पाहतो, तशी त्याची गत होते. रजई टाकायची तर शक्ती खर्च करावी लागते. मॅग्नेशियमची रजई सर्वांत जाड, म्हणून तो चांगला अडतो. नायट्रेटची पातळ असते, म्हणून तो तुलनेने जास्त निसटतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असेल तर हे ध्यानात ठेवावे. दुसरे कारण पडद्याच्या स्वतःच्या भाराचे. साध्या पाण्यात पॉलिअमाइडवर ऋण भार येतो, तो क्लोराइडला दूर ढकलतो. सोडियमला तो खेचतो खरा, पण एकटा सोडियम पलीकडे जाऊ शकत नाही, कारण दोन्ही बाजूंचा धन व ऋण भार रोजमेळासारखा जुळावाच लागतो. हा नियम डोनन या शास्त्रज्ञाने १९११ साली मांडला. ज्यावर भारच नाही, त्याला हा पहारा लागू नाही. बोरॉन म्हणूनच बराचसा निसटतो.

आत नेमके काय घडते हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी संगणकात पडद्याचा व पाण्याचा एकेक अणू मांडून त्यांची ओढाताण क्षणाक्षणाला मोजतात. अशी अवाढव्य आकडेमोड करू शकणारा परम ८००० हा महासंगणक आपल्या पुण्यातील सी-डॅकने १९९१ साली तयार केला होता. पाणी पडद्यात विरघळते व एकेक रेणू सुटा होऊन पाझरतो, असे १९६० च्या दशकापासून मानले जाई. २०२३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एलिमेलेक यांच्या गटाने या मताला आव्हान दिले. दाबामुळे पाण्याचे रेणू पुंजक्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या जाळ्यातून वाहतात, असे त्यांच्या संगणकी प्रतिकृतीत व प्रयोगांत दिसले. विद्वानांचा हा वाद चालू राहील. पण पाणी जास्त व क्षार कमी जाऊ देणारा पडदा घडवायचा तर हे कोडे सुटणे जरूर आहे.

आता धंद्याची बाजू पाहू. शंभर लिटर पाण्यातून पंचाहत्तर लिटर गोड पाणी काढले, तर उरलेल्या पंचवीस लिटरमध्ये क्षार जवळजवळ चौपट होतात. पडद्याला लागून तर त्याहूनही अधिक साचतात. कोंढवा, हडपसरकडील बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते व बहुधा जड असते. अशा पाण्यावर जास्त वसुलीचा लोभ धरला की पडद्यावर चुन्याचा थर बसतो व नवा पडदा घ्यावा लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही पॉलिअमाइड खाऊन टाकते, म्हणून आधी कोळशाचा फिल्टर हवाच. गिलिटाच्या कारखान्यात शेवटच्या धुण्याला किंवा बॅटरीला क्षार चालत नाहीत. तिथे खर्च करणे रास्त आहे. शरबतवाल्याला किंवा बेकरीला महापालिकेचे पाणी असेल, तर क्षार काढण्यात पैसा का घालवावा? पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार भारतीय मानकाला मान्य आहेत.

तिथे भीती असते ती जंतूंची. टीडीएस मीटर केवळ विजेच्या वहनावरून आयनांचा अंदाज करते, जंतू त्याला दिसतच नाहीत. २०२५ च्या सुरुवातीस सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही खासगी आरओ केंद्रांच्या पाण्यात जंतू आढळले व महापालिकेने कित्येक केंद्रांना टाळे लावले. पडदा चांगला असूनही पुढची टाकी, नळी व जार घाण असले की असे होऊ शकते. केवळ जंतूंसाठी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. उल्हास खरूल यांच्या गटाने अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा विकसित केला आहे. तो जीवाणू व विषाणू अडवतो, आयनांना मोकळे सोडतो. म्हणून त्याला मोठा दाब लागत नाही. जार विकणाऱ्यांनी मीटरवरील आकड्याबरोबर प्रयोगशाळेचा जंतुतपासणी अहवालही गिऱ्हाइकाला दाखवावा.

राहता राहिले आरओचे टाकाऊ पाणी. लादी व भांडी धुण्यास ते चालते, झाडांना मात्र रोज घालू नये. मशिदीत आरओ बसविणारे ट्रस्टी हे पाणी वुजूला चालेल का, असे विचारतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानेही वुजू होतो हे सर्वश्रुत आहे, तरी आपल्या इमाम साहेबांना एकदा विचारून मगच त्याची नळी हौदाकडे वळवावी.