आधी परात, मग नर्मदा

नवी कोरी काठी, चकचकीत रीळ, डब्यात मळलेली कणीक आणि डोळ्यांसमोर हातभर लांबीचा मासा! एवढ्या तयारीनिशी माणूस नदीवर पोहोचतो, दोन्ही हातांनी जोर लावून गरी फेकतो आणि ती मागच्या बाभळीत जाऊन अडकते. दुसरी फेक पायांपुढे आपटते. तिसरी मात्र लांब जाते, पण जिथे जायला हवी त्याच्या सात-आठ हात डावीकडे. दुपारपर्यंत दोरीचा गुंता सोडवण्यातच वेळ जातो आणि काठी माळ्यावर पडते ती कायमची.

जबलपूरच्या घमापूर भागात राहणाऱ्यांना गरवण्याचा नाद लागणे अगदी स्वाभाविक आहे. शहराच्या अंगणातून नर्मदा वाहते आणि तलावांसाठी तर हे गाव पूर्वीपासून नावाजलेले. हिंदी मुलखात काठीला ‘बंसी’ म्हणतात, कोकणी माणूस गरी म्हणतो, घाटावरचा गळ. पण नवशिक्याची चूक सगळीकडे सारखीच. तो फेकण्याची विद्या पाण्यावर शिकू पाहतो. खरे तर ती कोरड्या जमिनीवर शिकायची असते.

अचूकपणा एवढा का लागतो? मासा पाण्यात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. वाहत्या नदीत तो खडकाच्या आडोशाला, वेगवान धार आणि संथ पाणी जिथे मिळतात त्या रेषेवर थांबतो. तिथे त्याला कमी कष्टात उभे राहता येते आणि धारेबरोबर खाणे आपोआप समोर येते. आमिष त्या रेषेपासून दोन-तीन हात दूर पडले, तर तो जागचा हलेलच असे नाही. तळ्यातही पाणवनस्पतींची कड साधावी लागते. कडेच्या अलीकडे पडले तर मासा नाही, पलीकडे पडले तर गरी गवतात.

म्हणून गरी घरी ठेवावी. दोरीच्या टोकाला दहा ग्रॅमच्या आसपासचे शिसे बांधावे. ते नसेल तर लोखंडी नट फडक्यात गुंडाळूनही काम भागते. मोकळ्या मैदानात दहा पावलांवर एक जुनी परात ठेवावी. जुनीच, कारण नव्या परातीला पोचे आले तर घरात या छंदाचे भवितव्य काही बरे नाही. परातीचा फायदा असा की नेम लागल्याचे ती स्वतःच सांगते! जमिनीवर नेमबाजीसारख्या गरीफेकीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यांतल्या एका प्रकारात साडेसात ग्रॅमचे प्लास्टिकचे वजन ७६ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्यांवर टाकायचे असते. म्हणजे परात ही काही अगदीच पोरखेळाची कल्पना नव्हे.

जोर नको, वेळ साधा

आज नवशिक्याच्या हाती बहुधा पडते ते स्थिर फिरकीचे रीळ. आल्फ्रेड इलिंगवर्थ या लोकरीच्या धंद्यातल्या इंग्रजाने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गिरणीत उभ्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटते, तशीच यात दोरी सुटते. फिरकी स्वतः फिरत नाही. ती दोरीने काठापर्यंत, दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून, भरलेली असावी. कमी भरली तर दोरी काठाला घासून फेक आखूड पडते; जास्त भरली तर वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटतात.

रिळाचा दांडा मधल्या बोटांच्या बेचक्यात धरावा. वजन काठीच्या टोकाखाली वीतभर किंवा थोडे अधिक लोंबू द्यावे. तर्जनीच्या टोकावर दोरी अडकवून तारेची कमान उघडावी. काठीचे टोक परातीकडे रोखून नजरही तिथेच ठेवावी. आता काठी घड्याळाचा काटा आहे असे समजा आणि फेकणाऱ्याला त्याच्या डाव्या बाजूने पाहा. समोर दहा, डोक्याच्या जरा मागे एक. काठी दहावरून एकपर्यंत न्यावी. तिथे वजनाने काठी मागे वाकल्याचे हाताला जाणवते. तेवढे थांबून मनगटाने पुढे झटका द्यावा आणि काठी पुन्हा दहा-अकराच्या दरम्यान येताच तर्जनी सरळ करावी.

सगळी गोम त्या तर्जनीत आहे. ती लवकर सुटली तर वजन आकाशाकडे जाते, उशिरा सुटली तर पायांपुढे आदळते. डावी-उजवीकडची चूक मात्र बोटाची नव्हे, काठी तिरकी फिरवल्याची असते. काठी डोक्यावरून सरळ रेषेत आणली की ती बरीचशी जाते. वजन परातीच्या पुढे जाणार असे दिसले, तर तर्जनी फिरकीच्या काठाला हलकेच टेकवावी. सुटणारी दोरी मंदावते आणि वजन अलगद खाली येते. ही शेवटची युक्ती अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. मग कमान हाताने मिटवावी आणि दोरी ताणून घेऊनच गुंडाळावी. सैल गुंडाळलेली दोरी पुढच्या फेकीला गुंता करते.

रोज वीस मिनिटे पुरेत. दहांपैकी सहा-सात फेकी परातीजवळ पडू लागल्या की ती पंधरा पावलांवर सरकवावी. थकलेला हात चुकीचीच सवय लावून घेतो.

मागे कोण आहे?

मैदान म्हटले ते उगीच नव्हे. गल्लीत डोक्यावर विजेच्या तारा असतात आणि हल्लीच्या काठ्यांतला कार्बन विजेचा उत्तम वाहक आहे. तारेखाली काठी उभारणे जिवावर बेतू शकते. पाण्यावर गेल्यावर प्रत्येक फेकीआधी मागे वळून पाहावे, डोळ्यांना चष्मा असावा आणि मुलांना काठीच्या टप्प्याबाहेर बसवावे. गरीचा काटा त्वचेत रुतलाच तर ओढू नये. डॉक्टरांकडे जाऊन तो काढावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. ग्वारीघाटासारख्या ठिकाणी, जिथे लोक स्नान करतात आणि माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, तिथे गरी काढूच नये. शिवाय वरच्या अंगाला बरगी धरण आहे. तिथून पाणी सोडले की नदी चढते. आता गुडघाभर पाण्यात असलेला खडक थोड्या वेळाने बुडालेला असू शकतो.

ज्याच्या आशेने बरेच जण नर्मदेकडे पाहतात तो महासीर, इथल्या बोलीत बाडस, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. धरणांमुळे वाहते पाणी अडले आणि खळाळत्या पाण्यात वाढणारा हा मासा नर्मदेत फार कमी झाला. नवशिक्याने त्याच्या मागे न लागलेलेच बरे. मालकाची परवानगी घेऊन एखाद्या मत्स्यतळ्यावर रोहू किंवा सायप्रिनस गरवावा. महासीर चुकून लागलाच तर ओल्या हाताने धरून लगेच सोडून द्यावा. नदीवर किंवा जलाशयावर जाण्याआधी मत्स्य विभागाकडे परवान्याची चौकशी करावी.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. परातीला मात्र बंदी नाही. पावसाची उघडीप मिळाली की ती मैदानात न्यावी. फक्त नेण्याआधी घरात विचारून घ्यावे.