छर्रा आणि नेम (भाग ६) : किती एक्स, हा शेवटचा प्रश्न

एअरगनवर दुर्बीण बसवायची ठरली की दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो, "किती एक्सची आहे?" म्हणजे ती किती पट मोठं दाखवते. दुकानदारालाही हा प्रश्न सोयीचा असतो. तो ३-९x४० (तीन ते नऊ पट, पुढची काच ४० मिमी) काढतो, मग ४-१६x५०. काच जितकी मोठी तितकी किंमत मोठी आणि गिऱ्हाईक तितकं खूश. बंदूक चार किलोची असेल तर यात फारसं बिघडत नाही. पण अडीच किलोच्या लहान बंदुकीवर अर्ध्या किलोहून जड दुर्बीण आणि वर तिचं माउंट चढवलं, की ती बंदूक आपली राहत नाही. म्हणून आज एक्सचा प्रश्न मागे ठेवू.

समोर एक नक्की बंदूक असू द्या. जर्मनीतल्या व्हायराउख कंपनीची एचडब्ल्यू ३० ही स्प्रिंगवर चालणाऱ्या लहान बंदुकांमधली नावाजलेली बंदूक. वजन सुमारे अडीच किलो, लांबी मीटरभराच्या आतबाहेर, नळी मोडून छर्रा भरायचा. जर्मनीत ती साडेसात ज्यूलच्या मर्यादेत विकली जाते. म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. आपल्याकडे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची शक्ती असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळे घरोघरी दिसणाऱ्या लहान बंदुकांची जातकुळी साधारण हीच. यांचं खरं अंतर दहा ते पंचवीस मीटर. अंगण, गच्ची किंवा मळ्यातल्या बांधाला टेकवलेला कागद.

आता चाप ओढल्यावर काय होतं ते बघा. दट्ट्या पुढे झेपावतो, तशी बंदूक मागे सरकते. सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर दट्ट्या अडतो आणि बंदुकीला पुढच्या दिशेने हिसका बसतो. छर्रा अजून नळीत असतानाच हे सगळं सुरू झालेलं असतं. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेने, मागे. तिच्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीच्या आतल्या भिंगांना आणि तारांना तेवढाच धक्का सोसायची सवय. म्हणून हजारो रुपयांची, मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या किरकोळ एअरगनवर मोडते. क्रॉसहेअर (नेमाची फुली) फिरतो, तार तुटते किंवा झीरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, रोज वेगळीकडे जातो. खोक्यावर ‘स्प्रिंग एअरगनसाठी योग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पुढचं काही वाचूच नका. हवा आधी भरून ठेवायच्या पीसीपी बंदुकांना हा हिसका जवळपास नसतो, त्यांचे मालक इथे मोकळे.

वजनाचं महत्त्व इथेच आहे. लोकांना वाटतं, हलकी दुर्बीण म्हणजे उचलायला सोपी. तेही खरं, पण दुय्यम. प्रत्येक हिसक्याला दुर्बीण जागच्या जागी राहू पाहते आणि माउंटला तिला ओढून न्यावं लागतं. दुर्बिणीचं वजन दुप्पट तर माउंटवरची ओढही दुप्पट. पन्नास-शंभर गोळ्यांनंतर माउंट बंदुकीच्या पाठीवरच्या रेलवर मागे घसरलेलं दिसतं आणि आपण छर्ऱ्यांना दोष देत बसतो. माउंट घसरू नये म्हणून त्याला खाली एक अडवणारी पिन असते. व्हायराउखच्या रेलवर ती बसायला वरच्या बाजूला छोटी भोकं दिलेली असतात. रेलवर भोक किंवा अडसर नसेल तर दुर्बीण शक्य तितकी हलकी घ्या आणि दोन सुट्या कड्यांऐवजी एक अखंड माउंट वापरा. त्याची पकड जास्त लांबीवर पसरते.

दुसरं म्हणजे उंची. लहान बंदुकीचा दस्ता फोरसाइट-बॅकसाइट धरून नेम घेण्याच्या बेताने कोरलेला असतो. ५० मिमी काचेची दुर्बीण नळीला घासू नये म्हणून उंच कड्यांवर न्यावी लागते. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, मान ताणून हनुवटी टेकवावी लागते. ३२ मिमीची काच बहुधा कमी उंचीच्या कड्यात बसते. मात्र बॅकसाइट नळीच्या बुडाशी असेल तर दुर्बिणीचं पुढचं टोक तिला अडत नाही ना, आणि नळी मोडताना हात मोकळा राहतो ना, हे पाहून घ्या. आखूड दुर्बिणीचा खरा फायदा मला तिथेच दिसतो.

मोठ्या काचेने जास्त उजेड येतो, हे खरं, पण तो डोळ्यात शिरायला हवा. काचेचा व्यास भागिले एक्स, म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. ४x३२ मध्ये ती ८ मिमी. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिमी उघडी असते, अंधारात तरुण डोळ्याची फार तर सात. म्हणजे ३२ मिमीच पुरून उरते. उलट त्याच काचेवर बारा एक्स लावले तर झोत २.७ मिमी उरतो. डोळा किंचित हलला की काळी सावली येते आणि हाताची थरथर बारापट दिसते ती वेगळीच.

आता पॅरॅलॅक्स. निवडीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. डोळा मधोमध नसेल तर क्रॉसहेअर निशाणावर आहे असं दिसतं आणि तो तिथे नसतो. दुर्बीण ठरावीक अंतराला जुळवलेली असते, तेवढ्याच अंतराला हा दोष नाहीसा होतो. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांना जुळवतात. अशी ३२ मिमीची दुर्बीण दहा मीटरच्या कागदावर लावली, तर डोळा पार कडेला असताना चूक १४ मिमीपर्यंत जाते. छर्रा साडेचार मिमीचा! हाच हिशेब २० मिमीच्या काचेला केला तर चूक ९ मिमीच्या आत येते, कारण चूक काचेच्या व्यासाबरोबर वाढते. लहान काचेची ही बाजू जाहिरातीत कुठे दिसत नाही.

पण एवढ्यावरून बंदुकीबरोबर फुकट मिळणारी ४x२० लगेच चढवू नका. तिची नळी पाऊण इंची, काच धूसर, टरेट (नेम सरकवायचे नॉब) सैल. भूमिती तिच्या बाजूने असली तरी कारागिरी नाही. ज्या दुर्बिणीचं पुढचं कडं किंवा बाजूचा नॉब फिरवून दहा मीटर किंवा त्याहून जवळ जुळवता येतं, ती घ्या. अमेरिकेतल्या लीपर्स कंपनीची बगबस्टर तीन यार्डांपर्यंत जुळते, लांबीलाही वीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. पण उचलून पाहा, लांबीच्या मानाने ती जड आहे. आखूड आणि हलकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोक्यावरचे ग्रॅम वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नळी मोडायच्या बंदुकांत आणखी एक खोड असते, नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली. पाव एमओएच्या (कोनाच्या पाव मिनिटाच्या) टरेटची एक क्लिक दहा मीटरवर पाऊण मिमीदेखील नसते. छर्रा पाच सेंटिमीटर खाली लागत असेल तर सत्तरएक क्लिक वर जावं लागेल. टरेट टोकाला नेऊन ठेवला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि झीरो टिकत नाही. त्यावर उपाय दुर्बिणीत नाही, मागून किंचित उंच असलेल्या माउंटमध्ये आहे.

मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर हा सगळा खर्च वाचवा. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये विश्वविजेता झाला तो पीप साइटच्या बारीक भोकातून बघूनच. आणि दुर्बीण पक्षी मारण्यासाठी हवी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात तर २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीमच निघाली.

कागदावर नेम धरणाऱ्यासाठी माझं मत सरळ आहे. स्थिर ४x३२, दहा मीटरला जुळणारी, तीनशे ग्रॅमच्या आसपास, अखंड माउंटवर. वय चाळिशीपुढचं असेल किंवा पंचवीस मीटरवर बारीक ठिपका फोडायचा असेल तर २-७x३२ घ्या. सातच्या पुढे लहान बंदुकीवर काहीच हाती लागत नाही.

माउंट बसवणं आणि झीरो करणं पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या बंदुकीच्या रेलची रुंदी कॅलिपरने मोजून ठेवा. बाजारात सरसकट ‘अकरा मिलिमीटर’ म्हणवणाऱ्या रेल साडेनऊपासून साडेतेरापर्यंत कितीही भरतात.