दोन पर्जन्यमापकांचा सहसंबंध

मुंबईत कुलाबा व सांताक्रूझ येथे हवामान खात्याची पर्जन्यमापके आहेत. आलेखाच्या कागदावर पावसाळ्याच्या प्रत्येक दिवसाचा एक ठिपका द्यावा. आडव्या अक्षावर कुलाब्याचा पाऊस, उभ्या अक्षावर सांताक्रूझचा. ठिपके उजवीकडे चढत जाणाऱ्या पट्ट्यात पडल्यास सहसंबंध धन समजावा. त्याचा गुणक उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. कुलाब्याचा पाऊस सांताक्रूझला पाऊस पाडतो असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोहोंस कारण मोसमी वारे.

२६ जुलै २००५ चा ठिपका या पट्ट्यापासून फार दूर पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यास अवघा ७३! असा ठिपका चूक समजून खोडू नये. मिठी नदीस त्या दिवशी खरोखरच महापूर आला होता. गुणक हा अनेक दिवसांचा कल सांगतो, एका दिवसाची हमी देत नाही. आरे वसाहतीच्या पाड्यांवरील भाजीमळ्यात वरखत कधी द्यावे हे कुलाब्याच्या आकड्यावरून ठरविल्यास खत वाहून जाण्याचा संभव राहतो. त्यासाठी मळ्यातच, झाडे व भिंती यांपासून दूर उघड्या जागी, पर्जन्यमापक बसवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी.