बंदर बंद करा, पण खलाशाला विसरू नका!

चोरीचा माल कितीही मोठा असो, तो विकल्याशिवाय चोराच्या हाती पैसा येत नाही. समुद्रातल्या चोरीचेही तसेच आहे. मासळी भर समुद्रात लुटता येते. परंतु ती बाजारात न्यायला, डिझेल भरायला, जहाज दुरुस्त करायला कधी ना कधी बंदरच गाठावे लागते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००९ साली बंदर असलेल्या देशांसाठी करार मंजूर केला. तो ५ जून २०१६ रोजी अंमलात आला. परदेशी मच्छीमार जहाजाने आधी परवानगी मागायची; बेकायदा मासेमारीचा पुरेसा पुरावा असेल तर त्याला प्रवेश नाकारायचा, किंवा केवळ तपासणी व कारवाईसाठी आत घ्यायचे. माल उतरवू द्यायचा नाही, इंधन द्यायचे नाही. असा हा साधा, सरळ कायदा!

याची गरज का पडली? खुल्या समुद्रात जहाजावर मुख्यतः त्याच्या झेंड्याच्या देशाचा अधिकार चालतो. मग लुटारू काय करतात? झेंडाच बदलतात! 'एसटीएस-५०' हे जहाज आधी 'आंद्रे डोल्गोव्ह', 'सी ब्रीझ १', 'आयडा' अशा नावांनी वावरत होते. अंटार्क्टिकाच्या समुद्रातील महागडा टूथफिश चोरणे हा त्याचा धंदा. चीनच्या बंदरातून ते निसटले. २०१८ च्या प्रारंभी मादागास्करला खोटी कागदपत्रे दाखवली. मोझांबिकच्या मापुटो बंदरात अधिकाऱ्यांनी कागदपत्रे जप्त केली, तरीही ते पळाले. अखेर ६ एप्रिल २०१८ रोजी इंडोनेशियाच्या नौदलाने ते पकडले. कागद जप्त झाले, पण जहाज अडवले गेले नाही. कायदा आणि अंमलबजावणी यांतले अंतर ते हेच.

कॅप्टनला शिक्षा काय झाली? चार महिन्यांची कैद आणि २० कोटी रुपिया, म्हणजे सुमारे १४ हजार डॉलर दंड. धनदांडग्यांना हा धंद्याचा खर्च वाटला तर नवल काय?

आता प्रश्न त्या जहाजावरच्या माणसांचा. त्यावर वीस इंडोनेशियन खलाशी होते. ते मानवी तस्करीचे बळी असल्याचे त्यावेळी सांगितले गेले. २०१५ साली असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी इंडोनेशियातील बेन्जिना येथे पिंजऱ्यात कोंडलेले मजूर जगाला दाखवले. त्यातले बहुतेक म्यानमारचे, आणि जहाजे थाई मालकांची. या बातम्यांनंतर दोन हजारांहून अधिक मजुरांची सुटका झाली. त्यांनी पकडलेली मासळी मात्र तोवर बंदरांतून बिनदिक्कत जात होती. मासळीची पेटी तपासणारा कोणी नव्हता, आणि ती भरणाऱ्या हातांना विचारणाराही कोणी नव्हता!

चोरी आणि वेठबिगारी हे दोन वेगळे गुन्हे वाटतात, पण अनेकदा त्यांचा मालक एकच असतो. मजुरी बुडवली की चोरीची मासळी आणखी स्वस्त पडते. त्या स्वस्ताईपुढे किनाऱ्यावरचा लहान मच्छीमार, मग तो कोणत्याही देशाचा असो, टिकणार कसा?

कायद्यात वाट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००७ चा १८८ क्रमांकाचा करार २०१७ पासून लागू आहे. तक्रार आली किंवा पुरावा मिळाला, तर बंदराचा देश परदेशी जहाजावरील खलाशांच्या सुरक्षिततेची व आरोग्याची दखल घेऊ शकतो. मासळीविषयीच्या करारातही खलाशांच्या सुरक्षिततेसाठी व आरोग्यासाठी अपवाद ठेवला आहे. मग दोन कायदे दोन कपाटांत का ठेवायचे? जो निरीक्षक जाळे आणि परवाना पाहतो, त्यानेच खलाशाला विचारावे : तुझा पासपोर्ट कोणाकडे आहे? पगार मिळाला का? घरी जायची मुभा आहे का? आणि हे विचारताना कॅप्टन शेजारी उभा नसावा, दुभाषी मात्र असावा.

जहाज अडवा, माल जप्त करा, खऱ्या मालकाला कोर्टात उभे करा. पण खलाशाला आरोपींच्या रांगेत ढकलून मोकळे होऊ नका. तो या गुन्ह्याचा सर्वात मोठा साक्षीदार आहे, आणि पुष्कळदा त्याचा पहिला बळीही तोच आहे.