शेतकरी गटाचे संकेतस्थळ : आधी आराखडा, मग बांधणी

आपली तूरडाळ, हळद वा बियाणे थेट ग्राहकास विकणाऱ्या शेतकरी गटास स्वतःचे संकेतस्थळ असावे, ही इच्छा योग्यच आहे. परंतु संगणकापुढे बसण्याआधी कोरा कागद व पेन्सिल घेऊन बसावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

अकोल्यातील मोर्णेकाठच्या जुन्या शहराकडे पाहा. दहीहांडा गावाच्या वाटेवरची ती दहीहांडा वेस, अगर गावाकडची ती अगरवेस. वेशीचे नाव ऐकताच वाट कोठे जाते ते नवख्यासही कळे. संकेतस्थळाच्या पानांची नावे अशीच असावीत. ‘आमचे विश्व’ यासारख्या शोभेच्या नावाने ग्राहकास काही उमगत नाही. ‘डाळीचे भाव’, ‘मागणी कशी नोंदवावी’, ‘आमचा पत्ता’ ही नावे उमगतात.

चार-पाच पाने पुरेत. कागदावर प्रत्येक पानाची चौकट काढावी, कोणत्या पानावरून कोठे जाता येईल ते रेघांनी दाखवावे आणि चौकटीत ते पान सांभाळणाऱ्या सभासदाचे नाव लिहावे. हे नावच बहुधा लिहावयाचे राहते. मग दिवाळीतला भाव चैत्रातही झळकत राहतो. त्यावर विसंबून कोणी अकोटहून भाड्याचे वाहन घेऊन आला म्हणजे गटाची पत जाते. ज्या पानास वाली नाही ते काढूच नये. भावापुढे तारीख अवश्य घालावी.

बांधणी मानतात तेवढी कठीण नाही. प्रत्येक पान म्हणजे एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली साधी फाइल होय. पहिल्या पानाच्या फाइलीस ‘इंडेक्स’ म्हणण्याचा प्रघात आहे. फाइलींची नावे लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावीत. घरच्या संगणकावर लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सहसा मानला जात नाही, पुष्कळ सर्व्हरवर मात्र मानला जातो; म्हणून घरी उघडणारे पान तेथे सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. छापखान्यातील जुन्या फाँटांतला मजकूर शोधयंत्रास मराठी म्हणून वाचता येत नाही. छायाचित्रे लहान करून घालावीत व सर्व पाने मोबाइलवर उघडून पाहावीत.

पत्त्याविषयी एक इशारा. २०१४ पासून ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही मिळतो. पत्ता कोणताही घ्या, त्याची नोंदणी गटाच्या नावे व गटाच्याच ई-मेलवर करावी, हौसेने काम करणाऱ्या एखाद्या तरुणाच्या नावे नव्हे. तो नोकरीस पुण्याला गेला की मुदत संपल्याची सूचना त्याच्याकडेच पडून राहते आणि सुटलेला पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. नूतनीकरणाची तारीख गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावी, आणि कार्यकर्त्यांनी बैठकीस गेल्यावर ती वही उघडून पाहावी.